त्वचेची निगा कीं वर्णाची लाज ?

शरीराची निगा राखणें हें सुसंस्कृत मनुष्याचें कर्तव्य आहे, याविषयीं कोणाचेंच दुमत नसावें. ज्या समाजांत दिवाळीची पहाट अभ्यंगस्नानावांचून उजाडत नाहीं, ज्या घरांत बाळंतिणीला व तान्ह्या मुलाला तेल लावून न्हाऊं घालणें हा एक सोहळाच असतो, त्या समाजाला केसांची व कातडीची काळजी घ्यावयास बाहेरच्या कोणी शिकवावें अशी वस्तुस्थिति नाहीं. वाद आहे तो निराळाच आहे. ‘निगा’ या सोज्ज्वळ शब्दाच्या आडून गेल्या पन्नास वर्षांत दुसरीच एक वस्तु आमच्या घरांत शिरली आहे, आणि तिचें खरें नांव ‘लाज’ असें आहे. मुलीच्या सांवळ्या वर्णाची लाज, मुलाच्या विरळ केसांची लाज, स्वतःच्या पिकलेल्या मिशीची लाज ! ही लाज आधीं विकत घ्यावयाची आणि मग तिच्यावरचा उतारा विकत घ्यावयाचा, असा हा दुहेरी व्यापार आहे. खेदाची गोष्ट ही कीं, या व्यापाराचें भरंवशाचें गिऱ्हाईक अडाणी खेडूत नसून आमच्यासारखें शिकलेलें मध्यम स्थितींतील कुटुंब आहे.

पारनेरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत राहून या विषयाकडे पाहिलें म्हणजे त्यांतील विसंगति अधिकच डोळ्यांत भरते. कातडीच्या निगेचें पहिलें साधन मलम नव्हे, पाणी होय. अंग धुवावयास, कपडे व अंथरूण-पांघरूण स्वच्छ ठेवावयास पुरेसें पाणी नसलें, म्हणजे खरूज एका मुलापासून सर्व घरांत पसरते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं खरजेची गणना उपेक्षित रोगांत केली, ती उगीच नव्हे. जें पाणी आमच्या काळ्या पाषाणांतून बोअरनें उपसलें जातें, तें बहुधा जड असतें. त्यांतील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशीं मिळून त्याचा साका करतात. फेस होत नाहीं, केसांवर पूट बसतें आणि ते राठ लागतात. यावर उपाय पाण्याचा आहे. परंतु एका-दोन रुपयांच्या पुडीवर जें चित्र असतें, तें पाण्याविषयीं चकार शब्द काढीत नाहीं. तें फक्त इतकेंच सांगतें कीं, दोष तुमच्या केसांत आहे !

वर्णाच्या बाबतींत तर ही फसवणूक अधिक धीट आहे. मनुष्याच्या कातडीला रंग देणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्यांत व काळ्यांत सुमारें सारखीच असते. भेद असतो तो त्या पेशी जें रंगद्रव्य तयार करतात त्याच्या प्रकाराचा व प्रमाणाचा. हें द्रव्य मळ नव्हे, कीं तें घांसून काढावें; सूर्याच्या जहाल किरणांपासून खालच्या पेशींना जपणारी ती छत्री आहे. आमच्या उन्हांत ती मोडण्यासाठीं पैसे मोजणें हें शहाणपण कोणत्या शास्त्रांत बसतें ? तथापि १९७५ सालीं ‘फेअर अँड लव्हली’ बाजारांत आली आणि गोरेपणा हा नळींतून पिळून काढण्याचा पदार्थ ठरला. पुढें पुरुषांसाठींहि तसलींच मलमें निघालीं. लाजेच्या बाबतींत तरी स्त्री-पुरुष समानता आली म्हणावयाची! २०२० सालीं जगभर वर्णद्वेषाविरुद्ध ओरड झाली, तेव्हां त्या मलमाच्या नांवांतला ‘फेअर’ जाऊन तेथें ‘ग्लो’ आला. त्याच वर्षीं विवाह जुळविणाऱ्या एका प्रसिद्ध संकेतस्थळानें वर्णावरून स्थळें निवडण्याची सोय काढून टाकली. नांवें बदललीं, सोयी गेल्या. घराघरांतील आत्याबाईंची नजर मात्र होती तेथेंच आहे.

कोणी म्हणेल, असल्या जाहिरातींना कायदा नाहीं काय ? कायदा आहे, आणि त्याची गंमत सुशिक्षितांनीं समजून घेण्याजोगी आहे. औषधांविषयींच्या आपल्या नियमांना ‘जे’ या अक्षराचें एक परिशिष्ट आहे. ज्या गोष्टी बऱ्या करण्याचा दावा कोणत्याहि औषधानें करूं नये, अशांची ती यादी आहे. त्यांत टक्कल आहे, केसांचा रंग बदलणें व नवे केस उगवणें आहे, अकालीं पिकणें आहे, आणि कातडी गोरी करणेंहि आहे. म्हणजे जें औषधानें बोलावयाचें नाहीं, तें सौंदर्यप्रसाधनानें सूचित करावयाचें, अशी ही वाटणी आहे. ‘गोरें करतो’ असें म्हणावयाचें नाहीं. ‘तेज खुलवितो’ असें म्हणावयाचें. ‘केस उगवतो’ म्हणावयाचें नाहीं. ‘मुळांना पोषण देतो’ म्हणावयाचें. भाषेचा अध्यापक या नात्यानें प्रस्तुत लेखकास या वैद्यकांत शिरण्याचा अधिकार नसला, तरी या शब्दच्छलाविषयीं बोलण्याचा अधिकार खासच आहे.

ही सर्व हौस निरुपद्रवी असती तर तीवर शाई खर्च करण्याचें कारण नव्हतें. परंतु कांहीं मलमांत पारा असतो. रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराचें काम पारा बंद पाडतो, म्हणून चेहरा कांहीं दिवस उजळलेला दिसतो. आणि तोच पारा कातडींतून रक्तांत व रक्तांतून मूत्रपिंडांत जातो. आपल्याच महाराष्ट्रांत, अकोल्याला, एका घरांतील तिघी स्त्रियांचीं मूत्रपिंडें बिघडलीं आणि त्यामागें त्या वापरीत असलेलें उजळपणाचें मलम निघालें, हें २०२३ सालीं वृत्तपत्रांतून सर्वांनीं वाचलें आहे. दुसरा धोका स्टिरॉइडच्या मलमांचा. हीं उत्तम औषधें आहेत, पण वैद्याच्या हातीं. तींच चेहऱ्यावर महिनोन् महिने चोळलीं, म्हणजे कातडी झिरझिरीत होते, बारीक रक्तवाहिन्या वर दिसूं लागतात, पुटकुळ्या येतात. आणि मलम थांबवितांच चेहरा असा भाजल्यासारखा लाल होतो कीं, मनुष्य पुन्हा त्याच नळीकडे धांव घेतो. गजकर्णावर तें लावलें तर खाज थांबते आणि बुरशी मात्र निर्वेध पसरते. २०१८ सालीं सरकारनें अशीं पुष्कळशीं मलमें वैद्याच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम केला. पण ‘परवां शेजारच्या वहिनींनीं दिली होती तीच ट्यूब द्या’ असें म्हणणारें गिऱ्हाईक आणि ती देणारा दुकानदार या दोघांच्या मध्यें नियम उभा राहणार कोठें ?

आतां केसांकडे वळूं. डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात आणि त्यांतले पन्नास ते शंभर रोज गळणें हा निसर्गक्रम आहे. जो केस आपल्याला दिसतो, तो निर्जीव तंतु आहे. जिवंत आहे तें कातडीखालचें मूळ. तें मूळ कांहीं वर्षें केस वाढवितें, नंतर सुमारें तीन महिने विसांवा घेतें, आणि मग जुना केस टाकून नवा उगवूं लागतें. जोराचा ताप, बाळंतपण, मोठें आजारपण किंवा उपासमार झाली, कीं पुष्कळशीं मुळें एकदम विसांव्याला जातात. म्हणून आजार बरा झाल्यावर दोन-तीन महिन्यांनीं केस मुठींनीं गळूं लागतात. घाबरून जाऊन मंडळी महागडें तेल आणतात. पुढें चार-सहा महिन्यांत केस आपोआप परत येतात, कारण ते परत येणारच होते. आणि श्रेय मिळतें तेलाला! पावसाळ्याच्या तोंडीं मोर नाचविणाऱ्यानें ‘माझ्या मोरामुळें पाऊस पडला’ म्हणावें, तशांतलाच हा न्याय आहे.

केसांचा संबंध बाटलीशीं नसून ताटाशीं आहे, याचा विलक्षण दाखला बुलढाणा जिल्ह्यानें दिला. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभीं शेगांव तालुक्यांतील कित्येक गांवांत लहान-थोर, स्त्री-पुरुष यांचे केस कांहीं दिवसांतच गळून टकलें पडलीं. आधीं संशय पाण्यावर गेला, शांपूवर गेला. पुढें महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं तपास करून बोट ठेवलें तें शिधावाटपाच्या गव्हांतील सेलेनियमच्या अतिरेकावर. हें द्रव्य शरीराला अत्यल्प प्रमाणांत हवें असतें आणि जास्त झाल्यास केस व नखें यांच्यावर उठतें. असल्या प्रसंगीं कोणतें तेल उपयोगी पडणार होतें ? तेथें हवी होती ती धान्याची परीक्षा, आणि ती मागणारे जागरूक नागरिक.

याच्या उलट जें शरीराला हवें असून मिळत नाहीं, त्याची कथा तर घरोघरची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ पंडुरोगी आढळल्या. त्यापूर्वींच्या पाहणींत हें प्रमाण शेंकडा ४८ होतें. रक्तांत लोह नाहीं, ओठ पांढुरके, केस गळताहेत. आणि आम्ही त्या मुलीच्या हातीं काय देतों, तर केसांचें तेल! मुलगी सर्वांच्या मागून उरलेंसुरलें जेवते, हें ज्या घरांत चालतें, त्या घरानें तिच्या वेणीच्या जाडीविषयीं चिंता व्यक्त करावी हा शुद्ध दंभ आहे.

‘हें सारें खरें,’ व्यवहारी गृहस्थ म्हणतील, ‘पण मुलीचें लग्न आहे. समाज गोरी मागतो. आम्ही एकट्यानें काय करावें?’ या आक्षेपांत तथ्य असल्यामुळेंच त्याचें उत्तर देणें अवश्य आहे. समाज म्हणजे कोण ? वधू पाहिजेच्या मजकुरांत ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द घालणारा हात कोणाचा ? तो आमचाच, मुलाच्या बापाचा. मुलीचा बाप म्हणून आम्ही ज्या तराजूविरुद्ध रडतों, तोच तराजू मुलाचा बाप होतांच हातीं धरतों. आणि कोणत्या तोंडानें ? आषाढींत ज्याच्या दर्शनासाठीं सारा महाराष्ट्र पायीं चालतो, तो पंढरीचा देव सांवळाच आहे ! देव सांवळा चालतो, सून चालत नाहीं. एके काळीं ‘समाजाला हवें’ म्हणूनच आम्ही विधवांचे केस उतरवीत होतों. त्या केशवपनाविरुद्ध १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं एकत्र येऊन वस्तरा चालविण्याचें नाकारलें. त्यांत त्यांची रोजची मिळकत बुडत होती. ज्यांना आम्ही अशिक्षित म्हणत होतों, त्यांनीं पदरचे पैसे सोडून दाखविलेलें हें धैर्य आहे. आमच्याकडून तर एका जाहिरातींतील एक विशेषण गाळण्याचीच अपेक्षा आहे.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींनींहि हर्षून जाऊं नये. ‘बाजारांतलें टाका, आजीबाईचें सर्व घ्या’ हें मतहि तितकेंच आंधळें आहे. शिकेकाई-रिठ्यानें केस स्वच्छ होतात, हें खरें. खोबरेल तेल केसांत मुरून धुतांना होणारी त्यांची झीज कमी करतें, हें २००३ सालीं तेलाच्याच धंद्यांतील संशोधकांनीं प्रयोगानें दाखविलें आहे. पण त्यानें नवा केस उगवतो, असें त्यांत कोठेंहि नाहीं. कोंडा करणारी बुरशी तेलावरच जगते, म्हणून कोंडा झाल्यावर डोकें तेलानें चोपडणें म्हणजे चोराला जेवूं घालणें. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हांत गेल्यास कातडी पोळून काळे डाग पडतात. आणि ‘काळी मेंदी’ म्हणून जी विकली जाते, तिचा काळेपणा बहुधा मेंदीचा नसून रासायनिक रंगाचा असतो; त्यानें कित्येकांच्या अंगावर फोड येतात. ‘नैसर्गिक’ हा शब्द प्रमाणपत्र नव्हे. बिब्बाहि नैसर्गिकच आहे.

मग खरी निगा ती कोणती ? ती इतकी साधी आहे कीं, तिची जाहिरात करणें कोणालाच परवडणार नाहीं. अंग स्वच्छ धुवावें, पण घांसून सोलूं नये. थंडींत स्नानानंतर ओलसर अंगालाच साधें तेल किंवा साधें मलम लावावें. दुपारच्या उन्हांत छत्री, पदर किंवा टोपी असावी. ती गोरेपणासाठीं नव्हे, कातडी भाजूं नये म्हणून. केस आपल्या सोयीप्रमाणें आठवड्यांतून दोन-तीनदां धुवावे, ओले असतां ओढूं नयेत, फणी-टॉवेल ज्याचे त्याला असावे. ताटांत डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, आणि ज्यांना चालतें त्यांच्याकडे अंडें असावें, व तें मुलीच्याहि ताटांत असावें. चट्टा पसरूं लागला, केस पुंजक्यांनीं गेले, तीळ वाढूं लागला, तर शेजारणीला न विचारतां वैद्यास दाखवावें. याउपर जी हौस करावयाची ती हौस म्हणून खुशाल करावी. गजऱ्याला व अत्तराला कोणाचा विरोध आहे? हौस मनुष्याला प्रसन्न करते. लाज त्याला आरशापुढें गुन्हेगारासारखें उभें करते.

याच पारनेरांत १८८० सालीं सेनापति बापट जन्मले, आणि विलायत पाहून आलेल्या त्या विद्वानानें हातीं झाडू घेऊन गांवचे रस्ते झाडले. स्वच्छता ही सर्वांच्या अंगणाची गोष्ट आहे, हें त्यांनीं बोलून नव्हे, करून सांगितलें. त्वचेच्या आरोग्याची वाटहि त्याच बाजूनें जाते. गांवाला पुरेसें व चांगलें पाणी, शिधावाटपांतलें निर्दोष धान्य, मुलीच्या वाट्याला भरलेलें ताट, आणि चिठ्ठीवांचून स्टिरॉइड न देणारा औषधवाला, या चार गोष्टींचा आग्रह सुशिक्षितांनीं धरला, तर ती सर्वांत मोठी निगा होईल. हें होण्यास काळ लागेल, हें कबूल. परंतु एक गोष्ट आजच, या अंकाचें हें पान उलटण्यापूर्वीं करतां येण्याजोगी आहे. घरांत सांवळी मुलगी असेल, तर तिच्यादेखत तिच्या रंगाविषयीं हळहळणें कायमचें बंद करावें. त्याला पैसा लागत नाहीं, पाणी लागत नाहीं. आणि त्यानें कोणाचें नुकसान झालेंच, तर तें फक्त नळ्या विकणाऱ्यांचें होईल.