पाठमोरा सोबती

गेल्या आठवड्यात आमच्या कार्यालयासमोरच्या पिंपळाखालचा मोटारसायकलींचा थांबा एक संपूर्ण दिवस रिकामा होता. गोव्यात पायलटांचा थांबा रिकामा दिसणे ही साधी गोष्ट नव्हे. ऐन श्रावणसरीत आणि भर वैशाखात, चतुर्थीच्या बाजारादिवशी आणि जत्रेच्या रात्रीही, पुढच्या पिवळ्या मडगार्डांची ती रांग आम्ही कधी मोडलेली पाहिली नव्हती. त्या दिवशी मात्र पिंपळाच्या पाराशी झेंडूची चार फुले होती आणि शेजारच्या खुरसापाशी कोणीतरी लावलेली मेणबत्ती होती. थांब्यावरचा सर्वांत जुना पायलट आदल्या रात्री अपघातात गेला होता.

त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. घरच्यांचे दुःख ताजे आहे आणि त्याला स्वतःला नाव छापून येण्याचे यत्किंचितही कौतुक नव्हते. वीसएक वर्षे आम्ही त्याच्या मागे बसून हिंडलो. त्याची आठवण काढू जाता प्रथम डोळ्यांपुढे येतो तो चेहरा नव्हे, तर त्याची किंचित वाकलेली पाठ आणि उन्हाने विटलेला शर्ट. ज्या माणसाला आपण बहुधा पाठमोराच पाहिला, त्याला मित्र म्हणावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर होकारार्थी आहे. रात्री छापखान्यातून निघायला उशीर झाला, तर न सांगता थांबणारा तो होता. औषधे घेऊन परतणाऱ्या म्हातारीकडून भाडे न घेता 'उद्या दी गो, माय' म्हणणाराही तोच होता, आणि तो उद्या कधी उजाडत नसे.

भाड्याच्या मोटारसायकली देशाच्या बहुतेक भागांत अलीकडे, मोबाइलवरून वाहन बोलावण्याची सोय झाल्यानंतर, दिसू लागल्या. गोव्यात हा व्यवसाय त्याआधी कित्येक दशके मान्यता पावलेला आहे. बस हमरस्त्यावर सोडते आणि वाडा राहतो आत, डोंगराच्या कुशीत किंवा मानशीच्या पलीकडे. मधले अंतर पायलट तोडतो. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा थिवी, करमळी अशा शहराबाहेरच्या स्थानकांवर अपरात्री उतरणाऱ्यांना घरचा उंबरठा दाखविला तो अनेकदा या पिवळ्या मडगार्डानेच. अनोळखी माणसाच्या खांद्यामागे बसून आपला जीव पंधरा-वीस मिनिटांसाठी त्याच्या हाती सोपवायचा, हा विश्वास येथे इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही विशेष आहे याचेच आपल्याला भान राहिलेले नाही.

त्याच्या अंत्ययात्रेत हे भान आम्हाला आले. आसपासच्या सात-आठ थांब्यांवरचे पायलट जमले होते. हिंदू होते, ख्रिस्ती होते, मुसलमान होते. एरव्ही एका भाड्यासाठी एकमेकांशी हुज्जत घालणारी ही माणसे माणसाच्या चालीने, हॉर्न न वाजविता, त्याच्या मागून निघाली. त्याची स्वतःची मोटारसायकल थांब्यावरच्या सर्वांत धाकट्या पोराने इंजिन सुरू न करता हाताने ढकलत नेली. त्याच सायंकाळी पैसे गोळा झाले आणि पुढचे काही महिने त्याच्या मुलीची फी कोण भरणार हे चार वाक्यांत ठरले. त्यासाठी सभा भरली नाही की ठराव झाला नाही. बंधुभावावर आम्ही याच स्तंभातून वेळोवेळी पुष्कळ शाई खर्च केली आहे. तो प्रत्यक्षात कसा असतो हे त्या सायंकाळी पाहिले.

एवढ्यावर हा लेख संपविता आला असता. तथापि मृत्युलेखाचा गोडवा राखण्यासाठी सत्य झाकणे हा मित्राशी केलेला अप्रामाणिकपणा ठरेल. ती पावसाची रात्र होती. शेवटचे भाडे सोडून तो घरी निघाला होता. वळणावर काळोखात गुरे बसलेली होती. तो पडला. त्याच रस्त्याने मागून येणाऱ्या दुसऱ्या एका पायलटाने त्याला उचलून इस्पितळात नेले, पण उपयोग झाला नाही. मोटारसायकलीचा आरसा तेवढा फुटला होता. त्याचे हेल्मेट रस्त्याच्या कडेला दहा पावलांवर सापडले. त्याला साधा ओरखडाही नव्हता. हनुवटीखालचा पट्टा उघडाच होता.

तो पट्टा लावीत नसे हे थांब्यावर सर्वांना ठाऊक होते. दिवसातून तीस-चाळीस वेळा हेल्मेट चढवायचे आणि उतरवायचे, त्यात उकाडा, त्यात घाम, मग बक्कल लावण्याचा कंटाळा येणारच. शिवाय नाक्यावरचा पोलीस हेल्मेट डोक्यावर आहे की नाही एवढेच पाहतो. हनुवटीखाली वाकून कोण पाहणार? आम्हालाही ते ठाऊक होते. किंबहुना आमच्याइतके जवळून ते कोणीच पाहिले नसेल, कारण तो सुटा पट्टा वाऱ्यावर आमच्याच डोळ्यांपुढे फडफडत असे, एखादे वेळी गालालाही लागे. वीस वर्षांत आम्ही त्याला एकदाही हटकले नाही. आयुष्यभर मोटारसायकल चालविणाऱ्याला मागे बसणाऱ्याने शहाणपण काय शिकवायचे, असा संकोच वाटला. त्या संकोचाला आम्ही सौजन्य समजत होतो.

स्मशानात 'वेळ आली होती' हे शब्द अनेकांच्या तोंडी होते. दुःख सुसह्य करण्यासाठी माणसे असे बोलतात, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु आपल्या देशाच्या रस्त्यांवर ही वेळ फारच नियमितपणे येते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती, आणि त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. हा शेवटचा आकडा वाचताना आम्ही थबकलो. ते सारे आमच्याच जागेवर बसलेले होते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे १२९वे कलम चालकाबरोबर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगते, आणि ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले असावे हेही सांगते. त्याच्या सुट्या पट्ट्याकडे पाहणारे आम्ही स्वतः उघड्या डोक्याने बसत होतो, हे कबूल केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

या ठिकाणी एक जुना वृत्तान्त सांगण्यासारखा आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला ठाऊक असलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडात, सायकलवरील दोन मुलांना चुकविताना मोटारसायकलीवरून पडला. डोक्याला झालेल्या दुखापतीने तो सहा दिवसांनी मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. रुग्ण हाती लागला नाही, पण केर्न्स यांनी तो विषय सोडला नाही. युद्धकाळात लष्करी निरोपे मोटारसायकलींवरून पडून मरत होते. त्यांच्या दुखापतींचा अभ्यास करून केर्न्स यांनी १९४१ साली निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने कामावरील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. पुढे जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली घेतला गेला, तेव्हा हेल्मेटमुळे अपघातग्रस्त स्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो असा निष्कर्ष निघाला. लॉरेन्सवर शोक करणारे पुष्कळ होते. त्या मृत्यूतून इतरांचे जीव वाचविण्याचे काम काढणारा मात्र एखादाच निघाला.

आमच्या मित्रासाठीही असे काही काम निघावे, एवढेच आमचे मागणे आहे. काळोखी वळणांवर दिवे लावणे आणि रस्त्यावर बसणाऱ्या गुरांचा बंदोबस्त करणे ही पंचायतींची, नगरपालिकांची व सरकारची जबाबदारी आहे. ती आम्ही पुन्हा पुन्हा त्यांच्या कानी घालू. पण त्यासाठी थांबण्याचे कारण नसलेले कामही आहे. भाडे घेऊन निघणाऱ्या पायलटाच्या हनुवटीकडे शेजारच्या पायलटाने एकदा पाहावे. प्रत्येक थांब्यावर मागे बसणाऱ्यासाठी हेल्मेटे असावीत. दुसऱ्याच्या घामाचे हेल्मेट नको, ही तक्रार खोटी नाही, परंतु डोक्याला साधा रुमाल बांधून ती भागते. आणि आम्हा प्रवाशांनी मागे बसण्यापूर्वी एक वाक्य बोलावे. ज्याच्या हाती आपण जीव सोपवितो, त्याच्या जिवाची चौकशी करण्याचा अधिकार आपल्याला खास आहे.

दुसऱ्या दिवशी थांबा पुन्हा सुरू झाला. रांगेत त्याची जागा मात्र अजून कोणी घेतलेली नाही. पावसात तेवढाच एक कोरडा तुकडा पिंपळाखाली मोकळा राहतो. परवा रात्री आम्हाला घरी सोडायला तोच धाकटा पोर आला, ज्याने ती मोटारसायकल ढकलत नेली होती. त्याचाही पट्टा लोंबत होता. आम्ही म्हणालो, 'बाळा, तो पट्टा लाव.' त्याने मागे वळून पाहिले, काही बोलला नाही, आणि बक्कल लावले. वीस वर्षे जे आमच्याने झाले नाही, ते बोलायला दहा सेकंदही लागले नाहीत.