पडण्याची विद्या आणि आपली धर्मग्रामे

चिंतेने ग्रासलेल्या माणसाला आपल्या समाजात एक ठरावीक उत्तर मिळते : प्रार्थना वाढव, तुझी श्रद्धा कमी पडते आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जिचे हातपाय गार पडतात ती मुलगी, लोकलच्या गर्दीत छाती धडधडू लागताच मधल्याच स्थानकावर उतरणारा तरुण, आखातात गेलेल्या नवऱ्याचा फोन आला नाही की रात्रभर जागणारी गृहिणी, या सर्वांच्या हाती आपण जपमाळ देतो आणि कर्तव्य संपले असे मानतो. या उत्तराला माझा विरोध आहे. जपमाळेला नव्हे, तिच्या आड आपण जी बेपर्वाई लपवतो तिला.

जुन्या करारातील एलिया संदेष्ट्याची कथा आपण कधी नीट वाचली आहे काय? ईजबेलच्या भयाने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. परमेश्वराने त्याला प्रवचन ऐकवले नाही. त्याला झोप दिली; देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिले; पुन्हा झोपू दिले. मग चाळीस दिवसांची पायपीट घडवली आणि त्यानंतरच होरेब पर्वतावर तो त्याच्याशी मंद स्वरात बोलला. आधी देह, मग उपदेश, असा हा क्रम आहे. आणि गेथशेमनी बागेत खुद्द प्रभूला ज्या यातना झाल्या, रक्ताच्या थेंबांसारखा ज्याचा घाम भूमीवर पडला, त्याची श्रद्धा उणी होती असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

चिंता केवळ विचारांत राहत नाही, ती देहात उतरते. धोका नसतानाही शरीर धोक्याची घंटा वाजवते : श्वास आखूड होतो, काळीज धडधडते, स्नायू ताठरतात. हळूहळू माणूस त्या धडधडीलाच भिऊ लागतो आणि जिथे ती झाली ती जागा टाळतो. टाळल्याने घटकाभर बरे वाटते आणि भीती मात्र अधिक खोल रुजते. हे चक्र नुसत्या समजुतीच्या शब्दांनी क्वचितच तुटते. देह जे चुकीचे शिकला आहे, ते देहालाच नव्याने शिकवावे लागते.

म्हणूनच मी ज्युदोचा कैवार घेतो. जिगोरो कानो या जपानी शिक्षकाने १८८२ साली तोक्योत ही विद्या शिकवण्यास आरंभ केला. तो स्वतः अंगाने किरकोळ होता आणि दांडग्या मुलांचा जाच त्याने सोसला होता. ज्युदो म्हणजे सौम्य मार्ग. तेथे पहिला धडा दुसऱ्याला पाडण्याचा नसतो, स्वतः पडण्याचा असतो. हनुवटी छातीशी, पाठ गोल, हाताचा सपाट आघात चटईवर : शेकडो वेळा पडायचे आणि शेकडो वेळा उठायचे. पुढे जोडीदाराशी मोकळी झुंज येते. तिच्यात तीच धडधड, तोच घाम, तोच अडखळता श्वास असतो. पण अनर्थ घडत नाही. असह्य झाले की हाताने दोनदा थोपटावे, जोडीदार तत्क्षणी सोडतो. शेवटी दोघे एकमेकांना वाकून नमस्कार करतात. धडधड म्हणजे मृत्यू नव्हे, हे देह अशा रीतीने स्वतःच्या अनुभवाने शिकतो.

यावर आक्षेप येतील. कोणी म्हणेल, ही परधर्माची विद्या आहे. कानोने आपला पहिला वर्ग एका बौद्ध मंदिराच्या खोलीत भरवला, हे खरेच आहे. पण त्याने शिकवली ती पूजा नव्हे. अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगितले. ध्यानपद्धतींविषयी १९८९ साली रोमहून आलेल्या पत्राने सावधगिरीचा इशारा जरूर दिला. तरीही शरीराची ठेवण आणि श्वास यांचे साहाय्य प्रार्थनेला होऊ शकते, हे त्यानेही मान्य केले. मग चटईवरील व्यायामाला आपण का भ्यावे? दुसरा आक्षेप हिंसेचा. करिंथकरांना पहिले पत्र लिहिताना संत पौलाला धावपटू आणि मुष्टियोद्धा यांचा दाखला देण्यात संकोच वाटला नाही. ज्या विद्येत जोडीदाराला सुखरूप जमिनीवर टेकवण्याची जबाबदारी पाडणाऱ्यावर असते, तिला हिंसा म्हणणारे घराघरांत चालणाऱ्या मारझोडीविषयी मात्र गप्प असतात.

अतिशयोक्तीही नको. ज्युदो हे औषध नव्हे. ज्याची झोप, भूक, काम चिंतेने हिरावून घेतले आहे, त्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलेच पाहिजे आणि त्यात लाज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगातील ३० कोटी १० लाख माणसे चिंताविकाराने पीडित होती आणि उपचार मिळतो तो चौघांतील जेमतेम एकाला. पदकांसाठी मुलांना पिळणारा, अपमान करणारा शिक्षकही नको. तो भीती घालवणार नाही, वाढवील. शिक्षक पारखून घ्यावा, पालकांनी वर्गात बसावे, मुलींसाठी शिक्षिका शोधावी.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांच्या सभागृहांत लग्नाचे मांडव पडतात, हाऊजी रंगते, सणाच्या जेवणावळी उठतात. ते आनंदाने चालावे. पण उरलेल्या दिवशी त्या दारांना कुलूप का? आठवड्यातील दोन संध्याकाळी, काही जाड चटया आणि एक जाणता शिक्षक, एवढेच मागणे आहे. देवपुत्राने मानवी देह धारण केला, असे आपण दर रविवारी श्रद्धेने कबूल करतो. ज्याने देहाला एवढा मान दिला, त्याच्या मंदिराच्या आवारात आपल्या भेदरलेल्या लेकरांच्या देहाला थोडी जागा मिळू नये काय? वधस्तंभाच्या वाटेची भक्ती करताना तो तीनदा पडला हे आपण गुडघे टेकून स्मरतो. तो तीनदा उठलाही, हे आपल्या मुलांना शिकवण्याची वेळ आता आली आहे.