ऊर्जेचा धडा आणि शिक्षकाचे पाठबळ

ऊर्जा कोठून येते, तिचे रूपांतर होताना किती वाया जाते, ती मोजतात कशी, तिचे पैसे कोण भरतो आणि तिच्या वापराने हवा-पाण्याचे काय होते, या प्रश्नांचा विज्ञान आणि गणिताच्या तासाला मिळून केलेला अभ्यास म्हणजे ऊर्जाशिक्षण. ते माध्यमिक शाळेत असावे, याबद्दल फारसे दुमत नाही. वाद आहे तो ते वर्गात उतरवायचे कसे, याचा. कोणी म्हणते साहित्य पाठवा, कोणी म्हणते शिबिर घ्या, कोणाच्या मते काहीच करायला नको. या सर्व मतांत शिक्षक मात्र गृहीत धरलेला असतो. गाडे अडते ते नेमके तिथेच. शिक्षकाला विषयाची, साधनांची आणि वेळेची सतत साथ मिळाली तरच ऊर्जा वर्गात येते. एरवी ती पुस्तकातच राहते.

पहिला आक्षेप असा, की ऊर्जा अभ्यासक्रमात आहेच, मग नवे काय करायचे? महाराष्ट्राच्या राज्य मंडळाची पुस्तके पाहिली तर यात तथ्य दिसते. नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’ आणि ‘धाराविद्युत’ हे पाठ आहेत. दहावीला ‘विद्युतधारेचे परिणाम’ आणि ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हे पाठ आहेत. पण २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या पुस्तकांत विद्युतधारा भाग १ मध्ये आहे, तर हरित ऊर्जा भाग २ मध्ये, आनुवंशिकता आणि प्राणी वर्गीकरण यांच्या शेजारी आहे. जिथे हे दोन भाग दोन शिक्षकांकडे असतात, तिथे ज्यूल शिकवणारा कोळशापर्यंत पोहोचत नाही आणि औष्णिक केंद्राची आकृती काढून घेणाऱ्याच्या तासाला ज्यूल येत नाही. एकच शिक्षक दोन्ही भाग घेत असला, तरी त्याची पदवी बहुधा एकाच अंगाची असते: वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला जनित्र समजावून सांगावे लागते, भौतिकशास्त्राच्या पदवीधराला परिसंस्था. वीजबिलातले टप्प्याटप्प्याने चढणारे दर हा तर गणिताचा विषय, पण गणिताच्या शिक्षकाकडे तो कोणी सोपवलेलाच नाही. पाठ आहेत, ते एकमेकांना जोडणारा हात नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. दहावीला विज्ञानाचे दोन लेखी पेपर प्रत्येकी ४० गुणांचे. पोर्शन संपवायचा, सराव घ्यायचा, त्यात आणखी हे कुठे बसवायचे? शिक्षकांची ही तक्रार खोटी नाही. निवडणूक आणि जनगणनेची कामे त्यांच्या गळ्यात असतातच. पण हा आक्षेप ऊर्जाशिक्षण म्हणजे जादा पोर्शन, असे धरून चालतो. ते तसे असण्याचे कारण नाही. शाळेच्या भिंतीवरचा वीजमीटर घ्या. कित्येक इलेक्ट्रॉनिक मीटरांवर ‘३२०० इंपल्स प्रति किलोवॅट-तास’ असे छापलेले असते, म्हणजे एक युनिट वीज खर्च होताना मीटरवरचा तांबडा दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणून एक लुकलुक ११२५ ज्यूलची. बाकी सारे बंद ठेवून ७५ वॅटचा एकच पंखा लावला, तर दोन लुकलुकींत १५ सेकंदांचे अंतर पडते. त्याऐवजी २८ वॅटचा नव्या धर्तीचा पंखा लावला तर सुमारे ४० सेकंदांचे. ९ वॅटचा एकटा एलईडी दिवा असेल तर दोन मिनिटांहून जास्त, १२५ सेकंद, वाट पाहावी लागते. एवढ्या एका तासात शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक, व्यस्त प्रमाण, एककांचे रूपांतर आणि मापनातली चूक असे चार घटक उरकतात, आणि चारही परीक्षेचेच आहेत. वेळ वाढत नाही, वाचतो. मात्र असा तास बेतायला शिक्षकाने तो एकदा स्वतः करून पाहिलेला असावा लागतो. मीटरवर वेगळाच आकडा निघाला, किंवा कुठला तरी चार्जर चालू राहून गणित चुकले, तर वर्गासमोर काय करायचे, हे पुस्तक सांगत नाही.

यावर उत्तर म्हणून साहित्याच्या पेटीकडे बोट दाखवले जाते. सौरपट्टी, लहान पवनचक्की, मल्टिमीटर शाळेला दिले की काम झाले, हा तिसरा पक्ष. साहित्य हवेच, त्यावाचून प्रयोग कसा होणार? पण जडसंग्रह नोंदवहीत नोंद झालेली वस्तू मोडली तर जाब द्यावा लागतो, म्हणून ती कुलपात जाते. मल्टिमीटरचा फ्यूज उडाला की तो बदलायचा कसा, कोणाच्या खर्चाने, हे ठाऊक नसले तर पहिल्या वर्षानंतर पेटी उघडत नाही. साहित्याला खर्चाची मुभा आणि विचारायला माणूस, या दोन गोष्टींची जोड लागते.

चौथा पक्ष समारंभाचा. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. त्या दिवशी फेरी, घोषवाक्ये, चित्रकला स्पर्धा होतात. शिक्षकांसाठी एखादे दिवसभराचे शिबिर होते, चहा होतो, प्रमाणपत्र मिळते. दिवे बंद करा, हा संदेश वाईट नाही. पण कोणता दिवा, किती वेळ, त्याने किती युनिट वाचले, हे विचारल्याशिवाय तो संदेश विज्ञान होत नाही. शिबिराचेही तसेच. शिक्षकाला खरी शंका येते ती वर्गात प्रयोग फसल्यावर, आणि तोवर शिबिर संपून महिने लोटलेले असतात.

पाचवा आक्षेप जरा नाजूक आहे. ऊर्जा हा वादाचा विषय आहे: कोळसा की सौर, जैतापूरला अणुप्रकल्प हवा की नको. शिक्षकाने यात का पडावे? शिवाय मोफत शैक्षणिक साहित्य देणाऱ्या कंपन्यांचा आपला माल खपवण्याचा हेतूही असू शकतो. ही भीती रास्त आहे, पण तिचा निष्कर्ष उलटा निघतो. भारतातली सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशावर तयार होते. औष्णिक केंद्रात कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर पडतो. सौरपट्टी रात्री वीज देत नाही. जलविद्युत केंद्र काही मिनिटांत चालू करता येते, पण धरणाखाली गावे जातात. ही सारी विधाने तपासता येतात आणि ती कोणा एका पक्षाची नाहीत. ज्या शिक्षकाचा पाया पक्का आहे तोच जाहिरात आणि माहिती वेगळी करू शकतो. गप्प बसवलेला शिक्षक मुलांना जाहिरातीच्याच हवाली करतो.

एवढ्या खंडनानंतर करायचे काय, हे सांगायला हवे. आदर्श दूर शोधावा लागत नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो चालवला. त्यात सहावी ते आठवीच्या मुलांच्या हाती प्रयोगाचे साहित्य होते, पण कणा होता शिक्षकांच्या पाठबळाचा: सुट्टीतले दीर्घ प्रशिक्षण, दर महिन्याची बैठक, शाळेत येऊन मदत करणारे सहकारी आणि पाठांतराऐवजी प्रयोगाला गुण देणारी परीक्षा. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. तो बंद झाला म्हणजे फसला, असा युक्तिवाद होतो. पण तीस वर्षे सामान्य सरकारी शाळांत चाललेला कार्यक्रम एका शासकीय निर्णयाने थांबला, यावरून पद्धत चुकीची ठरत नाही. असे पाठबळ सरकारी मर्जीवर न सोडता नियमात आणि अंदाजपत्रकात बांधले पाहिजे, एवढे मात्र ठरते.

महाराष्ट्रात त्यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. तालुक्यातालुक्यांत विज्ञान आणि गणित अध्यापक मंडळे आहेत. त्यांचा भर विज्ञान प्रदर्शनावर असतो. त्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, एक प्रयोग करावा, फसलेला तास मांडावा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने त्यांना जाणकार पुरवावा; तो अभियांत्रिकी महाविद्यालयातला असेल किंवा वीज कंपनीतला अभियंता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवते. या बैठका त्या तासांत धराव्यात आणि त्या दिवशी इतर कामे देऊ नयेत. विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांनी सत्रात निदान एक पाठ जोडीने घ्यावा, उदाहरणार्थ वीजबिलाचा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार वेगळे काढायचे, पहिल्या १०० युनिटांचा दर आणि पुढच्यांचा दर यांचा आलेख काढायचा. मुख्याध्यापकांना किरकोळ दुरुस्तीच्या खर्चाची मुभा द्यावी. आणि राज्य मंडळाने विद्युतधारा व हरित ऊर्जा हे दोन्ही पाठ जोडणारा एक प्रश्न दरवर्षी विचारावा, कारण परीक्षेत आले की ते वर्गातही शिकवले जाते.

ही मुले ज्या घरांत वाढत आहेत तिथे छतावर सौरपट्ट्या बसवायच्या का, शेतावर सौरपंप घ्यायचा का, याची चर्चा आताच चालू आहे. २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आल्यापासून अधिकच. एक किलोवॅटची पट्टी दिवसाला साधारण चार युनिट देते, म्हणजे घराचा किती भार भागतो, हा हिशेब दहावीच्या मुलाला जमायला हवा. तो जमत नसेल तर दोष मुलाचा नाही आणि एकट्या शिक्षकाचाही नाही. पुस्तक छापणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या व्यवस्थेने शिक्षकाला उभे करण्याचा खर्चही आपल्याच खात्यावर घ्यायला हवा.