बंदुकीची माशी

निवडणुकीपुरती पोलीस ठाण्यात जमा केलेली पीक संरक्षणाची बंदूक परत आणली, की बहुतेकजण ती तशीच कपाटात टाकून देतात. उसात डुकरे शिरली की मग आठवण होते. मोहोळकडच्या एका शेतकऱ्याने मला आपली दुनळी दाखवली. तोंडावरची पितळी माशी पडून गेलेली, आणि तिच्या जागी मेणाने ज्वारीचा दाणा चिकटवलेला! दाणा मालदांडीचा होता, एवढेच समाधान. उन्हाने मेण सरकले. रात्री बार गेला तो बांधावरच्या बाभळीत, आणि बाभळीखाली शेजाऱ्याची बैलजोडी. बैल वाचले ते नशिबाने.

रायफलीला मागेपुढे दोन खुणा असतात. छऱ्याच्या बंदुकीला बहुधा पुढची माशी तेवढीच. मागची खूण म्हणजे आपला डोळा. डोके वर उचलले की बार उंच जातो, डोळा उजवीकडे सरकला की उजवीकडे.

तपासायचे असे. बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, पोरांना लांब ठेवा. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेका आणि डोळे उघडा. माशी नळ्यांमधल्या पट्टीच्या मध्यावर दिसली तर ठीक. पट्टी लांबच लांब दिसली तर डोके वर आहे. माशी दरवेळी एकाच बाजूला दिसत असेल, तर दस्ता तुमच्या अंगाला बसत नाही. माशी वाकवून तो दोष जात नाही.

माशी डुगडुगत असेल तर परवाना असलेल्या कारागिराकडून नवी बसवून घ्या. गावच्या लोहाराकडे झाळायला देऊ नका. नळ्या आणि पट्टी झाळूनच जोडलेल्या असतात, आचेने तो सांधा सुटतो. शिवाय विनापरवाना दुरुस्ती १९५९ च्या शस्त्र कायद्यात बसत नाही. तेलाचा हात मात्र हलका ठेवा. कडब्याची धूळ जास्तीच्या तेलाला चिकटते.

नान्नजच्या बाजूच्या मंडळींनो, ज्वारीत काळवीट आले तर बंदुकीला हात लावू नका. १९७२ च्या कायद्याने ते संरक्षित आहे. डुकरासाठीही आधी वनखात्याची लेखी परवानगी लागते. नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या, आणि पंचनामा होईपर्यंत तुडवलेले पीक तसेच राहू द्या.