बेशरम कोणती, नाळ कोणती?



तळ्याकाठी जांभळट, कर्ण्याच्या आकाराचे फूल दिसले की आपण 'बेशरम' म्हणून मोकळे होतो. तलाव साफ करणारेही तेच करतात. हिरवे दिसेल ते यंत्राने ओढायचे आणि काठावर टाकायचे. पण उथळ पाण्यात असे फूल येणाऱ्या वनस्पती दोन आहेत. एक शेळीच्या जिवावर उठते, दुसरी आपल्या ताटात येते. दोन्ही रताळ्याच्या गणगोतातल्या, म्हणून फुले सारखी.

तेव्हा फुलावर जाऊ नका. पांढऱ्या चिकावरही जाऊ नका, तो दोघींनाही असतो. खोड पोकळ म्हणाल, तर जून बेशरमही आतून पोकळच. पहायचे ते एवढेच, की उभी आहे की आडवी. नाळ पाण्यावर आणि चिखलावर लोळत पसरते. तिच्या पेरापेराला मुळ्या फुटतात, पान लांबट, बाणाच्या टोकासारखे. बेशरम झुडपासारखी उभी वाढते, माणसाच्या उंचीच्या वर जाते, पान पिंपळासारखे रुंद आणि टोकदार. पाणी आटले की नाळ सुकते. बेशरम मात्र भर उन्हाळ्यात हिरवीगार.

घात होतो तो इथेच. गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत, म्हणून तर आपण तिचे कुंपण करतो. शेळी मात्र भुकेपोटी खाते आणि एकदा चटक लागली की शोधून खाते. एका दिवसात काही होत नाही. काही आठवडे खात राहिली की मान थरथरते, मागचे पाय लटपटतात, शेळी खंगत जाते. माझ्या गोठ्यातली एक अशीच गेली. 'जंत असतील' म्हणून मी औषध पाजत बसलो. या विषावर नेमका उतारा नाही. लवकर ओळखून पाला बंद केला तरच काही शेळ्या सावरतात.

पूर्वी शेळी इतकी तळ्याकडे का वळत नव्हती? घरात ज्वारीचा कडबा होता. ज्वारीला भाव नाही म्हणून पेरा घटला, पेऱ्याबरोबर कडबाही गेला. धान्याचा भाव ठरवताना वैरणीचा हिशेब कोण करतो? कोरडवाहू घराची अडीनडीची पुंजी म्हणजे शेळी. ती अशी गेली तर कुणाच्या पंचनाम्यात येत नाही.

म्हणून तलाव सफाईचा ठराव येईल तेव्हा ग्रामसभेत उठून सांगा. बेशरम मुळासकट काढा आणि पाण्यापासून लांब, उन्हात पार वाळवा. ओल्या काठावर पडलेला तुकडा पुन्हा मुळे धरतो, मग पुढच्या वर्षी त्याच कामाचे नवे बिल! नाळ राहू द्या, बायाबापड्या तिची भाजी खुडतात. गावच्या सांडपाण्याच्या नाल्यातली नाळ मात्र खाऊ नका, ती घाण पाण्यातले जड धातू शोषून घेते.

पुढच्या बैठकीला दोन्हींची एकेक फांदी पाना-पेरासकट आणा. परत जाताना बेशरमची फांदी तळ्याच्या वाटेवर टाकू नका.