बाटलीवरचा १४२२ आणि मुळशीची कुरडई

सॉसच्या बाटलीवर '१४२२' दिसला की हल्ली लोक दचकतात. 'मॉडिफाइड स्टार्च' म्हणजे भेसळच, असा पक्का समज. वैशाखात गच्चीवर कुरडया घालणाऱ्या मुळशीतल्या बायकांनी तरी दचकू नये. गव्हाच्या स्टार्चचा स्वभाव बदलण्यात त्यांचा हात धरणारं कोण आहे?

मुळशी हा आंबेमोहोर, इंद्रायणीचा, भाताचा तालुका. तरी लग्नाच्या पंगतीला गव्हाची कुरडई लागतेच, आणि ताम्हिणीचा पाऊस सुरू व्हायच्या आत ती वाळलेली बरी. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं. आंबूस वास सुटला की वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर बसू द्यायचा. एव्हाना ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनाची पकड सैल होऊन स्टार्चचे कण मोकळे झालेले असतात. सकाळी वरची निवळ ओतायची आणि हिंग-मिठाच्या आधणात चीक हाटायचा. साठेक अंशांना कण पाणी पिऊन फुगतात आणि पांढराफटक चीक चकचकीत होतो. सोऱ्यातून पडलेली तार निवताना आतल्या अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात, म्हणून ती आकार सोडत नाही. वाळल्यावर उरलेल्या किंचित ओलाव्याची तळताना वाफ होते, की फुललीच कुरडई.

कारखान्याला नेमकं उलटं हवं असतं. साखळ्या पुन्हा जुळल्या तर सॉसला पाणी सुटतं, आंबट टोमॅटोत कण फुटले तर तो पातळ होतो. म्हणून स्टार्चला ॲसिटिल गट जोडतात, ॲडिपेटचे टाके घालतात. तो हा १४२२. हे रसायन खरं, पण 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या यादीतलं, मान्य केलेलं.

माझी तक्रार वेगळीच आहे. स्टार्चवर काय केलं ते हा आकडा सांगतो, धान्य कोणतं ते सांगत नाही. आपल्याकडे स्टार्च बहुतेक मक्याचा. धुळे जिल्ह्यात दोंडाईचाला त्याचा कारखानाच आहे. पण तो गव्हाचा असला, तर कितीही धुतला तरी ग्लूटेनचा अंश राहू शकतो आणि सीलिॲकच्या रुग्णाला तेवढाही बाधतो. 'ग्लूटेन-फ्री' म्हणवायला किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. 'एफएसएसएआय'च्या २०२०च्या नियमांनुसार ग्लूटेनचं धान्य पाकिटावर वेगळं जाहीर करावं लागतं. तेव्हा आकड्याआधी ती ओळ वाचा. घरात सीलिॲकचा रुग्ण असेल तर त्याच्या ताटात कुरडईही नको. आणि कुरडया विकणाऱ्या बचत गटांनो, पाकिटावर 'गहू' हा शब्द ठसठशीत छापा.