पहिला सूट शिवताना टेलर कसा निवडाल?

मुलाचा कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आला किंवा घरात ताईचं लग्न ठरलं, की एक विषय हमखास निघतो. याला आता एक चांगला सूट हवा. बाबा म्हणतात, ‘माझा लग्नातला आहे की, तोच आत घेऊ.’ आई मॉलमधल्या सेलची जाहिरात दाखवते. मुलगा मोबाइलवर जो फोटो दाखवतो, त्यातला मॉडेल त्याच्यापेक्षा अर्धा फूट उंच असतो. शेवटी ठरतं, की शिवूनच घेऊ या. पण कुणाकडे?

गंमत बघा, ब्लाउजचा टेलर निवडताना आपण बायका किती चौकस असतो! आधी एक साधा सुती ब्लाउज टाकून बघतो, मगच पैठणीवरचा त्याच्या हातात देतो. मुलाच्या सुटाच्या वेळी मात्र त्याच्या दसपट पैसे घेऊन जिथे काचेचा दरवाजा आणि एसी असेल, त्या दुकानात सरळ शिरतो. आमच्या घरात नेमकं हेच झालं.

माझा भाचा इंदूरला शिकत होता. पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी सूट हवा म्हणून आम्ही एका मोठ्या दुकानातून कापड घेतलं. ‘शिलाई फ्री’ होती. काउंटरवरच्या मुलाने चार मिनिटांत मापं घेतली, पावती फाडली आणि कापड कुठल्याशा कारखान्यात गेलं. इंटरव्ह्यूच्या दोन दिवस आधी सूट हातात आला. कॉलर मानेपासून सुटलेली, उजव्या खांद्याखाली तिरकी सुरकुती. ‘नवा आहे ना, प्रेस केल्यावर बसेल,’ असं दुकानदार म्हणाला. प्रेस केली, बसला नाही. भाचा शर्ट आणि टाय घालून गेला. मला त्या वाया गेलेल्या पैशांपेक्षा त्याचं एक वाक्य जास्त लागलं. म्हणाला, ‘मावशी, सूट ठीक आहे गं, माझं अंगच वाकडं आहे.’

सातवीत सायकलवरून पडून त्याचं कॉलरबोन मोडलं होतं. तेव्हापासून उजवा खांदा जरा खाली आहे. सहज बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

पुढे त्याला ज्या म्हाताऱ्या मास्टरजींकडे नेलं, त्यांनी पहिली पाच मिनिटं टेपला हातच लावला नाही. त्याला चालायला लावलं, बसायला लावलं, काय शिकतोस वगैरे विचारलं. मग मागे उभं राहून म्हणाले, ‘दाहिना कंधा ज़रा नीचे है, बेटा. सबका कोई एक होता है.’ आणि वहीत मापाशेजारी तशी खूण केली. उजव्या बाजूला पॅडचा एक थर जास्त दिला, तिथलं कटिंग वेगळं केलं, बस. म्हणून टेलर निवडताना माझी पहिली कसोटी हीच आहे: तो आकड्यांव्यतिरिक्त काही लिहून घेतो का? पाठीला बाक, पुढे झुकलेली मान, एक खांदा खाली, या गोष्टी टेपवर दिसत नाहीत. छाती ३८ असलेली दहा मुलं दहा तऱ्हांनी उभी राहतात.

हल्ली प्रत्येक पाटीवर ‘बिस्पोक’ असतं. हा शब्द लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या शिंप्यांमुळे जगभर गेला. तिथलं हेन्री पूल हे दुकान १८०६ मध्ये सुरू झालेलं आहे. गिऱ्हाइकासाठी कागदावर त्याचा स्वतःचा पॅटर्न काढायचा, त्यावरून कापड कापायचं आणि शिवता शिवता अंगावर घालून सुधारत जायचं, हा त्याचा खरा अर्थ. तिथल्या शिंप्यांच्या संघटनेच्या नियमानुसार अशा एका सुटाला किमान ५० तासांचं हातकाम लागतं. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तयार पॅटर्न घेऊन तो तुमच्या मापाप्रमाणे कमी-जास्त करतात. त्यात वाईट काही नाही, सरळ बांध्याच्या मुलाला तो छान बसतो. फक्त दर बिस्पोकचा लावत असतील, तर विचारा: ‘कटिंग कोण करतं? इथेच होतं का?’ आपल्याकडे मास्टर कापतो आणि कारीगर शिवतो. कापणारा माणूस मुलाला प्रत्यक्ष बघणार असेल, तर अर्धं काम झालं.

दुसरा प्रश्न ट्रायलचा. ‘ट्रायलची गरजच पडत नाही आमच्याकडे’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर नमस्कार करून बाहेर पडा. निदान एक कच्ची ट्रायल हवीच, दोन मिळाल्या तर उत्तम. कच्च्या ट्रायलला कोट बघून घाबरू नका. पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके, खडूच्या खुणा, खिसे नाहीत, कधी कधी एकच बाही! तो उसवण्यासाठीच तसा जोडलेला असतो. सुटाबरोबर घालणार तो शर्ट आणि तेच बूट घालून मुलाला न्या. चपलांवर गेलात तर पँटची उंची हमखास चुकते. त्याला हात वर करायला, खुर्चीवर बसायला आणि तुम्हाला मिठी मारायला सांगा. लाजेल, पण सांगा. मुंढा फार खाली कापला असेल तर हात उचलताच सगळा कोट वर चढतो, आणि ते आत्ताच कळलेलं बरं.

आणि मागून फोटो काढा. मुलाला आरशात स्वतःची पाठ दिसत नाही, सुटाचे दोष मात्र पाठीवरच जास्त असतात. कॉलर मानेला टेकलेली हवी, खांद्याची शिवण खांद्याच्या टोकाशी संपायला हवी, बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या नकोत, बाहीखालून शर्टचा कफ साधारण अर्धा इंच दिसावा. कंबर, बाहीची लांबी, पँट या गोष्टी नंतरही दुरुस्त होतात. खांदा मात्र तयार कोटात दुरुस्त करणं महाकठीण. तेव्हा ट्रायलला सगळी नजर खांद्यावर ठेवा.

आता आतली गोष्ट. कोटाचा पुढचा भाग ताठ राहावा म्हणून कापडामागे एक थर असतो. तो उष्णतेने चिकटवला तर फ्यूजिंग, टाक्यांनी जोडला तर कॅनव्हास. छातीपुरता कॅनव्हास आणि खाली फ्यूजिंग असेल तर हाफ कॅनव्हास. हलकं फ्यूजिंग काही ड्राय क्लीनिंगनंतर सुटतं, कापडावर फुगे येतात आणि मग त्या कोटाला काही इलाज नसतो. तरीही प्रत्येकाने फुल कॅनव्हासच घ्यावा, असं मी म्हणणार नाही. वर्षातून तीनदा घालायचा असेल तर चांगलं फ्यूजिंग पुरतं. ऑफिसला नियमित घालणार असेल तर हाफ कॅनव्हासला थोडे जास्त पैसे टाका. टेलरने काय वापरलंय ते कसं कळणार? शेवटच्या बटणाखालचं कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून वेगळं करून बघा. मध्ये एक सुटा थर हाताला लागला तर कॅनव्हास.

कापडाबद्दल थोडक्यात सांगते. मध्यम बांध्याच्या मुलाच्या टू-पीसला मोठ्या पन्ह्याचं साधारण सव्वातीन मीटर लागतं. ‘सुपर १५०’ म्हणजे ‘सुपर १००’ पेक्षा टिकाऊ, असा गैरसमज करून घेऊ नका. तो आकडा लोकरीच्या धाग्याच्या बारीकपणाचा असतो, आणि धागा जितका बारीक तितका नाजूक. बाइकवरून जाणाऱ्या मुलाला साधी वूल किंवा टेरीवूल बरी. रंग नेव्ही ब्लू किंवा गडद राखाडी घ्या. काळा फोटोत छान दिसतो, पण दुपारच्या इंटरव्ह्यूला फार गंभीर वाटतो. हे अर्थात माझं मत, आमच्या भाऊजींना अजूनही काळाच आवडतो.

कुठलाही टेलर पक्का करण्याआधी ब्लाउजचीच युक्ती करा. आधी एक पँट शिवून घ्या. पट्टा सरळ बसलाय का, बटणाचं काज स्वच्छ आहे का, मुख्य म्हणजे सांगितलेल्या तारखेला मिळाली का, सगळं कळतं. सुटाला चार ते सहा आठवडे हाताशी ठेवा. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि एरवी नीट काम करणारा टेलरही घाईत ट्रायल गाळतो. शिलाईत अस्तर, कॅनव्हास, दोन ट्रायली आणि नंतरची दुरुस्ती धरली आहे का, ते आधीच विचारून पावतीवर लिहून घ्या.

आणि माया ठेवायला सांगा. शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड, आपल्या आजीच्या भाषेतली माया. पाठीची मधली शिवण, दोन्ही बाजू, पँटची कंबर इथे ती हवी. एकविसाव्या वर्षी काटकुळा असलेला मुलगा नोकरी लागल्यावर कॅन्टीनच्या जेवणावर भरतोच. दुकानात टांगलेला एखादा तयार कोट मागून घ्या आणि पँट उलटून आतल्या शिवणी बघा. कापड अगदी काठापर्यंत छाटून टाकलं असेल, तर तो टेलर तुमच्या मुलाच्या पुढच्या पाच वर्षांचा विचार करत नाहीये.

भाच्याला त्या इंटरव्ह्यूत नाही, पण पुढच्यात नोकरी लागली. या दिवाळीत घरी आला तेव्हा सूट पोटावर आवळत होता. तो स्वतःच मास्टरजींकडे घेऊन गेला. त्यांनी अस्तर उसवून पाठीची शिवण उघडली. आत सव्वा इंच कापड होतं. त्यातलं पाऊण इंच त्यांनी सोडलं, बाकीचं तसंच आत दुमडून ठेवलं.